येलदरीच्या उन्हात बोटीचे डॅश पॅनल : एचपीएल, एसीपी आणि एचडीपीई यांचा वापरानंतरचा अनुभव

मराठवाड्यात पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयात मासळी गोळा करण्यासाठी आमची संस्था फायबरची एक मोटारबोट वापरते. तिच्या डॅशचे, म्हणजे चालकासमोरच्या स्विच-मीटरच्या फळीचे, तिन्ही पॅनल गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बदलले. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा, एक हिवाळा आणि दुसरा उन्हाळा त्यांच्यावरून गेला असल्यामुळे आता त्यांच्याबद्दल काही खात्रीने लिहिता येईल. मुख्य पॅनलसाठी ६ मिलिमीटरचे बाह्य वापराचे एचपीएल (दाबून घट्ट केलेले लॅमिनेट) कॉम्पॅक्ट शीट, डाव्या बाजूच्या झाकणासाठी ४ मिलिमीटरचे एसीपी (ॲल्युमिनियमचे संमिश्र शीट) आणि खाली पायाजवळच्या कप्प्यासाठी काळे एचडीपीई (जाड, चिवट प्लास्टिक) अशी तीन वेगवेगळी साहित्ये आम्ही वापरली. एकाच बोटीवर तिन्हींची तुलना व्हावी हा हेतू त्यामागे थोडाफार होताच.

मूळ पॅनल सनमायका लावलेल्या प्लायवूडचे होते. स्विचसाठी पाडलेल्या भोकांच्या कडेने ते फुगले होते आणि त्याचे पापुद्रे बोटाने सुटत होते. दुकानात चौकशी केली की पहिले उत्तर ‘आयएस ७१० चे मरीन प्लाय घ्या’ असेच मिळते; आयएस ७१० हे अशा प्लायवूडचे भारतीय मानक. ते प्लायवूड वाईट नाही. त्यातील फिनॉलिक गोंद उकळत्या पाण्याच्या ७२ तासांच्या चाचणीतही सुटत नाही. परंतु ही हमी गोंदाची आहे, लाकडाची नाही. कापलेल्या प्रत्येक कडेतून आणि पाडलेल्या प्रत्येक भोकातून लाकूड पाणी पितच राहते. डॅश पॅनल म्हणजे निम्मी भोकेच असतात. प्रत्येक कड इपॉक्सीने भरून त्यावर रंगाचा हात दिला तर ते टिकेल, पण उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडून भुकटते, म्हणून रंगाचे काम दर एक-दोन वर्षांनी पुन्हा आलेच.

समुद्रावरच्या बोटींसाठी दिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे खारे पाणी धातू खाते. आपले जलाशय गोड्या पाण्याचे आहेत, त्यामुळे ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू इथे पुरेसे ठरतात आणि ३१६ साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. उलट मे महिन्यात परभणी-हिंगोलीकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि पाणी मागे हटल्यावर काठावर ओढून ठेवलेल्या बोटीला दिवसभर सावली नसते. गडद रंगाचा पृष्ठभाग अशा उन्हात ६०-७० अंशांवर सहज जातो. मराठवाड्यात पॅनल निवडताना पहिला प्रश्न ‘पाण्यात टिकेल का’ असा नसून ‘तापल्यावर आणि अतिनील किरणांत त्याचे काय होईल’ असा असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. याच कसोटीवर पीव्हीसी फोम बोर्ड बाद झाला, कारण तो तापला की मऊ पडून मधोमध झुकतो. ॲक्रिलिक उन्हाला चांगले तोंड देते, मात्र स्क्रूच्या भोकांपाशी त्याला चिरा जातात आणि पेट्रोलचा हात लागला की बारीक तडे दिसू लागतात. आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीवर पेट्रोलचा हात कुठे लागणार नाही हे सांगणे कठीण.

मुख्य पॅनलचे एचपीएल छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापून घेतले. हे शीट म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेले असतात. त्यामुळे कापलेली कडही आतपर्यंत तितकीच घट्ट असते आणि तिला वेगळे सील करावे लागत नाही. खरेदी करताना बाह्य वापराचाच दर्जा मागावा. स्वयंपाकघरातील कपाटांसाठीचे कॉम्पॅक्ट शीट दिसायला अगदी तसेच असते, पण त्याच्या वरच्या थराला अतिनील संरक्षण नसल्याने रंग लवकर उडतो. ६ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे आठ किलोंपेक्षा थोडे जास्त वजन येते, म्हणजे ते हलके नाही. शिवाय साधे ड्रिल बिट त्यावर बघता बघता बोथट होतात. कार्बाइडचेच बिट लागतात. गावातील सुताराकडून घरच्या घरी करून घेण्याचे हे काम नव्हे.

आज हे पॅनल जवळजवळ नवे दिसते. कुठे फुगवटा नाही, वाक नाही, स्विचभोवती चीर नाही. राखाडी मॅट रंग घेतल्याचा दुहेरी फायदा झाला : काळ्या रंगाइतका तो तापत नाही आणि पांढऱ्या चकचकीत रंगासारखी त्याची तिरीप समोरच्या काचेत पडत नाही. मला सर्वांत आवडलेली गोष्ट अक्षरांची आहे. शीटचा गाभा काळा असल्यामुळे वरचा राखाडी थर राउटरने खरवडला की काळी अक्षरे उमटतात. ‘भोंगा’, ‘दिवा’, ‘पाणी उपसा’, ‘इंजिन बंद’ अशी नावे आम्ही थेट पॅनलवर कोरून घेतली. जुन्या पॅनलवरील स्टिकरांचा लाल रंग सर्वांत आधी उडाला होता आणि नेमका तोच तातडीच्या स्विचवर होता. कोरलेल्या अक्षरांना उडायला काही नाही. पहाटे अंधारात जाळी काढायला निघालेला माणूस अक्षरांवरून बोट फिरवूनही कोणता स्विच कोणता हे ओळखतो.

एसीपीचा अनुभव संमिश्र आहे. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिथिन अशी त्याची रचना असल्याने ते हलके असते, पाण्याने बिघडत नाही आणि फलक बनवणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. पीव्हीडीएफ या उन्हात टिकणाऱ्या लेपाचे शीट घेतल्याने रंगही टिकला आहे. स्वस्त पॉलिएस्टर लेपाचे घेऊ नये. मात्र स्क्रू जरा जास्त आवळला गेला की पत्रा दबतो आणि तो खड्डा कायमचा राहतो. लंगराचे टोक लागून पडलेला एक पोचाही आता तसाच राहणार आहे. पत्र्याची कापलेली कड वायरचे आवरण खरवडते, म्हणून प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारे कडे) बसवणे टाळू नये. हिवाळ्याच्या सकाळी या झाकणाच्या मागच्या बाजूला दव धरून थेंब खाली ओघळतात, असेही दिसले. त्याच्या खाली फ्यूजची पेटी होती, ती आम्ही एका बाजूला सरकवली आणि झाकणाच्या खालच्या कडेला हवा खेळण्यासाठी फट ठेवली. झाकण म्हणून एसीपी चालेल. मीटर आणि फिश फाइंडरचे (मासे शोधणाऱ्या यंत्राचे) वजन मी त्यावर देणार नाही.

एचडीपीई हे भाजी चिरण्याच्या प्लास्टिक पाटाचेच साहित्य असून काळ्या रंगात कार्बन ब्लॅक मिसळलेला असल्यामुळे ऊन त्याचे फारसे बिघडवत नाही. पायाजवळच्या कप्प्यावर रोज लाथा, क्रेट आणि चिखल बसतो. त्या जागी याहून योग्य काही नसावे. त्याचा दोष प्रसरणाचा आहे. एक मीटर लांबीची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर वाढते, तर तेवढेच ॲल्युमिनियम एक मिलिमीटरही वाढत नाही. भोके गोल आणि घट्ट ठेवली तर दुपारी पट्टीला पोट सुटते. आमच्या फॅब्रिकेटरने मधले एक भोक सोडून बाकीची लांबट पाडली आणि खाली रुंद वायसर दिले, त्यामुळे ती सरळ राहिली आहे. या साहित्याला सिलिकॉन किंवा कोणताही नेहमीचा गोंद धरत नाही, तेव्हा जोड फक्त स्क्रूनेच द्यावा.

सील करण्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि बंद पॅनलच्या आत ते तांब्याच्या टर्मिनलना हिरवा गंज आणते. न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारे, असे लिहिलेली नळीच मागून घ्यावी. स्विच आयपी ६७ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, असले तरी ते संरक्षण पॅनलच्या पृष्ठभागावर रबर नीट बसले तरच मिळते. एचपीएलच्या सपाट मॅट पृष्ठभागावर ते चोख बसले आहे. एसीपीवरील एकमेव स्विचखाली मात्र पत्रा किंचित दबल्याने श्रावणातल्या झडीत पाणी झिरपले. तो स्विच आता मुख्य पॅनलवर हलवायचा आहे, त्यासाठी एक मोकळी जागा कापून आणि झाकून ठेवलेली आहेच.