पोलीस वसाहत: दुरुस्ती मागावी की पुनर्विकास?

हवालदार असलेला मामेभाऊ परवा विचारत होता, सरकारी वसाहतीसाठी यातलं काय मागावं?

दुरुस्ती स्वस्त दिसते, पण ती दरवर्षीची. निधी, निविदा, मंजुरी होईस्तोवर दुसरा पावसाळा उजाडतो.

टिकाऊपणात खरी गोम आहे. सळईला गंज चढला की ती फुगते आणि काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. त्यावर गिलावा म्हणजे नुसती रंगरंगोटी. भावाच्या स्वयंपाकघरातल्या तुळईवर हातोडीनं ठोकलं, तर बद्द आवाज आला, म्हणजे काँक्रीट आतून सुटलेलं. म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारकच आहे.

दुरुस्तीनं जागा इंचभरही वाढत नाही. पुनर्विकासात वाढते: मुंबईत वरळीच्या जुन्या बीडीडी चाळींत, जिथे पोलीस कुटुंबंही राहत आली, १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. मात्र बीडीडी प्रकल्पाचं भूमिपूजन २०१७ साली, पहिल्या चाव्या २०२५ साली. मधल्या काळात संक्रमण शिबिर (तात्पुरती घरं) किंवा भाड्याचं घर, मुलांची शाळा लांब. (ड्युटीच्या वेळा कोण विचारतो!)

तुळया-खांब ठणठणीत असतील, निवृत्तीही जवळ असेल, तर दुरुस्तीच बरी. ऑडिटनं इमारत धोकादायक ठरवली आणि नोकरीची पंधरा-वीस वर्षं शिल्लक असली, तर पुनर्विकास मागा. पोलीस ठाण्याच्या इमारतीला मात्र शक्यतो दुरुस्तीच. कोठडी आणि मुद्देमाल खोली हलवणं सोपं नसतं.