कुंडईतील सायनाइडविरहित झिंक प्लेटिंग : एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय

गोव्यात डिचोलीतील आमच्या वर्कशॉपमध्ये बिजागऱ्या, क्लॅम्प, ब्रॅकेट असा लोखंडी माल तयार होतो आणि त्याचे झिंक प्लेटिंग (गंजू नये म्हणून विजेने चढवलेला जस्ताचा पातळ थर) आम्ही कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका जॉबवर्कवाल्या कारखान्याकडून करून घेतो. या कारखान्याने सायनाइडचा बाथ (प्लेटिंगचे द्रावण) बंद करून सायनाइडविरहित अल्कलाइन, म्हणजे अल्कधर्मी, झिंक घेतले आहे आणि जस्तावर चढवायच्या संरक्षक थरासाठी (पॅसिव्हेशन) हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा पिवळा प्रकार सोडून क्रोमियमचेच दुसरे रूप, ट्रायव्हॅलंट, स्वीकारले आहे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे, आणि सायनाइडच्या द्रावणात आम्ल मिसळले तर प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. प्लेटिंगच्या शेडमध्ये पिकलिंगची (गंज काढण्याची) आम्लाची टाकी चार पावलांवरच असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा बदल किती मोलाचा आहे ते कळते.

मात्र विष काढले की काम सोपे होते, असे नाही. सायनाइडचा बाथ स्वतःच थोडीफार सफाई करतो, त्यामुळे कटिंग ऑइलचा अंश राहिलेला मालही त्यात खपून जात असे; अल्कलाइन बाथ असली ढिलाई सहन करत नाही. येथील सुपरवायझर डिग्रीझिंगनंतर (तेल-ग्रीस धुऊन काढल्यावर) नग पाण्यातून वर काढतो आणि पाण्याचा पडदा अखंड राहतो की मध्येच फाटतो, हे पाहतो. फाटला तर नग परत डिग्रीझिंगला जातो. पावसाळ्यात आलेल्या एका लॉटमध्ये ही काळजी घेतली गेली नसावी, कारण वेल्डिंगच्या कडेला फोड आले आणि नखाने खरवडताच झिंकचे पापुद्रे निघाले. कारखान्याने तो लॉट कुरकुर न करता स्ट्रिप करून (जुना थर उतरवून) पुन्हा प्लेट करून दिला, पण माल उशिरा मिळाला आणि त्या वेळी तसे आगाऊ कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही.

एरवी कामाचा दर्जा चांगला आहे. यू आकाराच्या ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यातही झिंकचा थर नीट पोचलेला दिसतो. अ‍ॅसिड झिंकमध्ये, म्हणजे आम्लधर्मी बाथमध्ये, नेमका तोच कोपरा उपाशी राहतो. रंग निळसर रुपेरी येतो. आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानदारांना मात्र पिवळेच हवे असते, जणू पिवळेपणा म्हणजेच टिकाऊपणा. जुन्या पिवळ्या थरावर ओरखडा पडला तर तो स्वतःच काही प्रमाणात भरून निघे, हे खरे आहे. ट्रायव्हॅलंटमध्ये तो गुण जवळजवळ नाही, म्हणून बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात) एकमेकांवर आपटणाऱ्या मालाला वरून सीलर, म्हणजे आणखी एक संरक्षक लेप, मारून घ्यावाच लागतो. त्याचे पैसे वेगळे पडतात. उलट इंजिनाजवळच्या, तापणाऱ्या भागांवर ट्रायव्हॅलंटच अधिक टिकतो. वेर्णे येथील एका इलेक्ट्रॉनिक्स गिऱ्हाइकाला आम्ही हाच माल देतो, कारण युरोपच्या आरओएचएस (इलेक्ट्रॉनिक्समधील घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या) नियमानुसार हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही.

सांडपाण्याबाबत कारखान्याचा दावा थोडा वाढीव आहे. ‘विषमुक्त प्लेटिंग’ असे चलनावर छापले असले, तरी पिकलिंगचे आम्ल, विरघळलेले जस्त आणि ट्रायव्हॅलंट क्रोमियम हे सारे प्रक्रियेविना नाल्यात सोडता येत नाही. तरीही, ज्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची भारतातील सांडपाण्यातील मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, ते आधी आम्लात रिड्यूस करण्याचा (ट्रायव्हॅलंटमध्ये बदलण्याचा) अवघड टप्पा येथे गळाला, हे मान्य करावे लागेल.

दर पूर्वीच्या सायनाइडच्या कामापेक्षा जास्त आहे आणि तो मला रास्त वाटतो. घरातील फिटिंग, पॅनेल, झाकलेले भाग यांसाठी या कारखान्याकडे माल बिनधास्त द्यावा. देताना चलनावर थराची जाडी आणि सीलर हवा की नको, हे स्पष्ट लिहावे. मिरामार किंवा वास्कोच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर राहणाऱ्या कामाला मात्र हा पातळ थर पुरणार नाही, मग पॅसिव्हेशन कोणतेही असो. तो माल मी हॉट डिप गॅल्व्हनायझिंगलाच (वितळलेल्या जस्तात बुडवून जाड थर चढवायला) पाठवतो.