व्हिन्सेंट डी पॉल गट: मदत चांगली, वेळापत्रक कच्चं

ठाण्यातल्या एका धर्मग्रामाचा (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाचा) हा गट, गरजूंना मदत करणारा. संस्था मूळची पॅरिसची, 1833 ची. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली. पद्धत अजून तीच: घरभेट दोघांनी मिळून करायची, एकट्याने कधीच नाही. बैठकीच्या शेवटी कापडी पिशवी फिरते, प्रत्येकजण मूठ बंद करून हात आत घालतो. कोणी शंभर टाकले, कोणी दहा, कळत नाही. ही गुप्तता गटाची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

मदत मागायची असेल तर रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर टेबलावर नाव द्या. रेशनकार्डाची झेरॉक्स, औषधांचं बिल किंवा शाळेची फी स्लिप सोबत ठेवा. फीचा चेक शाळेच्या नावाने निघतो, रोख मिळत नाही; तेच बरोबर. धान्याची पिशवी मात्र सरसकट सारखीच: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर. घरात मधुमेही असेल तर साखरेऐवजी डाळ वाढवा, हे भेटीच्या वेळीच सांगावं लागतं. आपणहून कोणी विचारत नाही.

खरा घोळ जूनमध्ये. फीचे अर्ज एकदम येतात, पिशवीतले पैसे आटतात आणि उशिरा आलेला अर्ज ऑगस्टपर्यंत लटकतो. अर्ज एप्रिलमध्येच द्या.

कपडे देणाऱ्यांसाठी: धुऊन, बटणं तपासून, मापाची चिठ्ठी टाचून द्या. बोचकं तसंच टाकलं तर निवडण्यातच स्वयंसेवकांची अख्खी दुपार जाते. पावसाळ्यात तर नकोच, हॉलच्या कोपऱ्यात बुरशी धरते.

पाचपैकी साडेतीन.