हायडेलबर्गला परिषद : मुक्काम जुन्या गावात, स्टेशनाजवळ की मानहाइमला?

जर्मनीतल्या हायडेलबर्गचं बोलावणं आलं की पहिला मोह ठरलेला असतो: नेकार नदीकाठच्या जुन्या गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी खोली घ्यायची. घ्या, पण आधी परिषद नेमकी कुठे आहे ते बघा. १३८६ सालापासूनचं हे विद्यापीठ गावभर विखुरलेलं आहे. विज्ञान आणि वैद्यक नदीपलीकडे नॉयनहायमर फेल्डमध्ये, मानव्यविद्यांचे बरेच विभाग जुन्या गावात, आणि २०२४ मध्ये सुरू झालेलं काँग्रेस सेंटर मुख्य स्टेशनाजवळच्या बानश्टाट वस्तीत. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना बोलावणं येतं ते दक्षिण आशिया संस्थेचं. १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था. खंडोबा आणि धनगरांच्या अभ्यासात हयात घालवलेले गुंथर सोंथायमर इथलेच. संस्था आता बेर्गहाइममध्ये आहे, म्हणजे स्टेशन आणि जुनं गाव यांच्या मधोमध.

जुन्या गावाच्या बाजूने बोलायचं तर संध्याकाळ. सत्रं संपली की लोक जेवायला तिकडेच जातात, आणि रात्री साडेदहाला गप्पा रंगात असताना तुम्हाला शेवटच्या गाडीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. पण गल्ल्यांतल्या दगडी फरसबंदीवर ट्रॉली बॅग ओढणं म्हणजे शिक्षा. शिवाय उंटेर श्ट्रासेच्या आसपास शुक्रवार-शनिवारी पबमधला कल्ला उशिरापर्यंत चालतो. ट्राम जुन्या गावात शिरत नाही. ती बिस्मार्कप्लाट्झपर्यंत आणून सोडते, पुढे बस किंवा पाय. एक गोष्ट मात्र बऱ्याच पाहुण्यांच्या लक्षात येत नाही: गावाच्या पूर्व टोकाला हायडेलबर्ग-आल्टश्टाट नावाचं लोकलचं स्टेशन आहे. खोली त्या बाजूला मिळाली तर बसची भानगडच नको.

स्टेशनाजवळचा भाग दिसायला अगदीच साधा. मुख्य स्टेशन १९५५ मध्ये पश्चिमेला हलवलं, त्यामुळे बाहेर पडल्यावर किल्लाबिल्ला काही दिसत नाही, ऑफिसांच्या इमारती दिसतात. तरीही तीन-चार दिवसांच्या परिषदेसाठी माझं मत इथेच. काँग्रेस सेंटर चालत, बेर्गहाइम चालत किंवा ट्रामने, नॉयनहायमर फेल्डला थेट ट्राम. पोस्टरची लांब नळी खांद्याला असेल तर गर्दीच्या बसमध्ये बदलाबदली न करणं किती सुखाचं, हे एकदा केलेल्यालाच कळतं.

तिसरा पर्याय मानहाइम. हायडेलबर्गला खोल्या संपल्या किंवा आयोजकांनी दिलेला भत्ता तुटपुंजा असला की तिकडे बघावं. लोकलने साधारण पाव तासाचं अंतर. मध्यवस्तीत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा, म्हणजे पत्ता ‘सी ४, १२’ असा. नवी मुंबईच्या सेक्टरांत वाढलेल्यांना हे घरच्यासारखं वाटेल. रोजचं जाणं-येणं मात्र अंगावर येतं, आणि संध्याकाळच्या गप्पा अर्ध्यावर सोडाव्या लागतात. परिषदेचा अर्धा फायदा त्या गप्पांतच असतो, म्हणून दुसरा इलाज नसेल तरच.

आता फ्रँकफर्टच्या विमानतळावरून यायचं कसं. अंतर साधारण ८० किलोमीटर. वेगवान आयसीई गाडीने अर्ध्या तासात मानहाइम, तिथे गाडी बदलून हायडेलबर्ग. जोडगाडी नीट मिळाली तर तासाभरात पोचता. विमानतळावर रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, लांब पल्ल्याचं वेगळं आणि लोकलचं वेगळं. आयसीई हवी तर ‘फेर्नबानहोफ’ची पाटी धरा.

तिकिटाच्या बाबतीत मी एकदा हात पोळून घेतलाय. स्वस्तातलं ‘श्पारप्राइस’ तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. ते एका ठरावीक गाडीपुरतंच चालतं. विमान उशिरा, त्यात बॅग शेवटून दुसरी. गाडी गेली आणि तिकीटही गेलं. रेल्वेच्याच आधीच्या गाडीला उशीर झाला असता तर बंधन सुटलं असतं, विमानाच्या उशिराला ती सवलत नाही. तेव्हापासून येताना महागडं ‘फ्लेक्सप्राइस’, जे त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं, आणि जाताना श्पारप्राइस. जाताना वेळेत चांगली मोकळीक ठेवावी. जर्मन रेल्वे म्हणजे घड्याळ, हा समज जुना झाला: २०२४ मध्ये डॉइचे बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ धरून. त्यामुळे आपलं सत्र पोचल्या दिवशी दुपारी ठेवू देऊ नका. फ्लिक्सबसची थेट बस स्वस्त आणि बदलाबदलीविना, पण फेऱ्या मोजक्या आणि महामार्गावरची कोंडी नशिबावर. दोन मोठ्या बॅगा असतील तर मी बसच घेईन.

डॉइचलांडटिकेट घ्यावं का, असं हमखास विचारतात. २०२३ मध्ये ४९ युरोला आलेला हा मासिक पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना झालाय. देशभरच्या लोकल, ट्राम, बस, प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, आयसीई नाही. चार दिवसांसाठी नको. परिषदेनंतर स्टुटगार्टच्या भाच्याकडे आठवडाभर राहणार असाल तर जरूर घ्या, फक्त महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका, नाहीतर मुंबईत बसून पुढच्या महिन्याचेही पैसे भराल.

आणि परतीचं विमान रविवारी असेल तर चॉकलेटांची खरेदी शनिवारीच उरका. रविवारी गावातली दुकानं बंद असतात. उघडी असतात ती स्टेशनातली, आणि भावही स्टेशनातलाच.