मागे २५५, पुढे २२५ आणि डिकीत स्टेपनी नाही : २१ महिन्यांचा अनुभव

२०२५ च्या जुलैत रात्री पावणेअकराला गायमुख घाटात डावं मागचं चाक खड्ड्यात गेलं. खड्डा दिसलाच नाही, पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि आवाज असा आला की मागे झोपलेला पोरगा उठून विचारतो फटाका कोणी फोडला. उतरून बघितलं तर टायरच्या गालाला बोटभर चीर. साधं पंक्चर असतं तर पंप होता, जेलची बाटली होती, पण साईड कटपुढे दोन्हीचा उपयोग शून्य. स्टेपनी नाही कारण या गाडीला ती येतच नाही. बाजूने कंटेनर घासून जातायत, बायको काहीच बोलत नाहीये (हे जास्त डेंजर), आणि मी फोनवर टोइंगवाल्याला गायमुख कुठे ते समजावतोय. दोन तासांनी फ्लॅटबेड आला, वाघबीळपर्यंत जेमतेम आठ किलोमीटरचे ४२०० घेतले.

गाडी मे २०२४ मध्ये सेकंडहँड घेतली, जर्मन डिझेल सेडान, मागच्या चाकांवर चालणारी. नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की विषय चाकांवरून लोगोवर जातो. पुढे ८ इंची रिमवर २२५/४५ आर १८, मागे साडेआठ इंचीवर २५५/४० आर १८, कंपनीतूनच आलेलं स्टॅगर्ड, म्हणजे पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा गालाची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). कंपनीने रनफ्लॅट दिलेले, ते हवा गेली तरी ८० च्या स्पीडने साधारण ८० किलोमीटर नेतात म्हणून स्टेपनी नाही, हिशोब बरोबर आहे. पण आधीच्या मालकाने रनफ्लॅट काढून साधे टायर टाकलेले, चारही नवेकोरे, आणि मी तेव्हा खूश झालो की अरे वा राइड किती मऊ. त्या मऊपणाचं बिल गायमुखला आलं.

वेगळे आकडे बघून घाबरणाऱ्यांसाठी एवढंच, पुढच्या चाकाचा व्यास येतो ६५९.७ मिलिमीटर आणि मागच्याचा ६६१.२, फरक दीड मिलिमीटर. रुंदी वाढली म्हणून ४५ चं ४० केलंय. एकाने मला विचारलं होतं की मागे २५५/४५ टाकला तर गादी जास्त मिळेल ना, त्याला सांगितलं व्यास ६८७ च्या आसपास जाईल, पुढच्यामागच्यात चार टक्के फरक, मग एबीएस आणि ट्रॅक्शनच्या (चाक जागेवर घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला वाटणार चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरतायत आणि डॅशबोर्डवर दिवाळी. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर असला प्रयोग अजिबात नको, तिथे गिअरचा खर्च निघतो.

बाबांना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी चारही चाकांना प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले ट्रॅक्टरसारखी आहे की. चूक नाही त्यांची. आपली बुलेट पण स्टॅगर्डच, क्लासिक ३५० ला पुढे १०० चा आणि मागे १२० चा टायर असतो, तिथे कोणाला काही वाटत नाही. जोर ज्या चाकावर तिथे रुंद टायर. पोर्शे ९११ ला तर इंजिनच मागे बसवलेलं, त्यामुळे आत्ताच्या कॅरेराला पुढे २३५ आणि मागे २९५, तिथे ते हवंच.

पण बाबांचा दुसरा प्रश्न असा होता की अदलाबदल कशी करतोस रे? आणि तिथून माझं डोकं फिरलं ते आजपर्यंत फिरलेलंच आहे.

आमच्याकडे वॅगन आर होती तेव्हा बाबा दर ५००० किलोमीटरला रविवारी सकाळी जॅक लावून टायर फिरवायचे. पाचही, स्टेपनी धरून. डायरीत लिहायचे कुठला कुठे गेला. पाचही टायर एकदमच गोटा व्हायचे आणि टायरवाला म्हणायचा काका एवढी पिळवणूक मी कोणाची बघितली नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला सांगायचं की पुढचा टायर मागे जाणार नाही, मागचा पुढे येणार नाही, फार तर डावा-उजवा करा, आणि टायरवर बाण असेल, म्हणजे एकाच दिशेने फिरणारा असेल, तर रिमवरून उतरवून चढवल्याशिवाय तेही नाही. म्हणजे मागचे दोन झिजत राहणार आणि आपण बघत राहायचं.

मी बघत राहिलोच. ट्रेड, म्हणजे टायरच्या नक्षीची खोली, मोजायचा गेज मागवला, ऑनलाइन १४० रुपयांना, आणि दर महिन्याच्या एक तारखेला सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाकून मोजायचो, वॉचमनला वाटायचं साहेबांचं काहीतरी पडलंय. रोज वाघबीळ ते ऐरोली, जाताना साकेत-कळवा-विटाव्यावरून, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की मुलुंडवरून ऐरोली पूल, शिवाय वर्षात तीनदा गाव. १४ महिन्यांत १६,४०० किलोमीटर. पुढे शिल्लक ५.६ मिलिमीटर. मागे बाहेरून ४.२ आणि आतून डाव्याला १.९, उजव्याला २.६. कायद्याची मर्यादा १.६. नवा टायर साधारण ८ चा असतो. म्हणजे पुढच्यात निम्म्याहून जास्त जीव बाकी आणि मागचे भंगारात! मला हे सहन होत नव्हतं. मायलेज ठीक, सर्व्हिस महाग पण ठीक, सस्पेन्शन ठीक, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण मला रात्री झोप लागत नव्हती ती त्या ५.६ मुळे.

तर साईड कटनंतर दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे. २५५/४० ठाण्यात त्याच्याकडे नाही, ओळखीच्या दोघांकडे नाही, भिवंडीच्या गोडाऊनमधून मागवतो म्हणाला, तीन दिवस. एक घेऊन चालणार नाही, मागची जोडी सारखीच हवी हे मलाही माहीत होतं. एकाचे २३,०४०. इन्शुरन्सला फोन केला तर नुसता टायर गेला तर काही मिळत नाही, गाडीलाही सोबत मार लागला असेल तरच, आणि तोही टायरचा निम्मा. म्हणजे बंपरही फोडून घ्यायला हवा होता.

तीन दिवसांनी टायर आले. मी आधी गालावरचा कोड बघतो, सवय आहे. १०२३. म्हणजे २०२३ चा दहावा आठवडा, सव्वादोन वर्षांहून जुना माल. मी म्हटलं हे घेणार नाही. तो म्हणाला, “साहेब, टायर काय पाव आहे का शिळा व्हायला?” त्यावरून तिथे अर्धा तास. खरं सांगायचं तर सावलीत नीट ठेवलेला दोन वर्षांचा टायर खराब नसतो, हे मलाही मान्य आहे, पण मग ताज्याचे पैसे कशाला मागतो? तो पण शेवटी वैतागून खरं बोलला, ही साईज महिन्यात एक जोडी जात नाही, पडून राहणारच. २२५/४५ हवा तर आत्ता देतो, मागच्याच महिन्यातला आहे.

आणि मला एकदम क्लिक झालं. २२५/४५ साडेसात-आठच नाही, ७ ते ८.५ इंच रिमवर बसतो, माझी मागची रिम बरोबर साडेआठ. काठावर आहे पण पास. व्यास पुढच्याशी तंतोतंत. लोड इंडेक्स पुढे ९५ होता, मागेही ९५ चाच घेतला, म्हणजे टायरमागे ६९० किलो, या गाडीला पुष्कळ. एकाचे १८,५६०. दोघांत जवळजवळ नऊ हजार वाचले. चारही चाकं सारखी! मी टायरवाल्याला चहा पाजला.

हा आनंद दीड महिना टिकला. बिल ऑगस्टच्या सुरुवातीचं, आणि २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. दोन टायरमागे २९०० रुपये. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवट ‘स्टॅगर्डच्या नादी लागू नका’ असा करणार होतो, पण मध्ये एक गोष्ट झाली. नवे टायर पण आतून खायला लागले. दीड हजार किलोमीटरमध्ये गेजवर दिसलं. तेव्हा पाचपाखाडीला दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेली, त्याने चारही चाकांचं अलाइनमेंट लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली, डाव्या मागच्या चाकाचा टो लाल, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला तोंड करून चाललेलं. आधीच्या माणसाकडे मी तीनदा अलाइनमेंट केलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने फक्त पुढचं सेट करून ‘मागचं सेट होत नाही सर’ म्हणून सांगितलं होतं. होतं! मागे बोल्ट आहेत त्यासाठी, वीस मिनिटांचं काम. मागच्या चाकांना थोडा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) कंपनीचाच असतो, त्यामुळे आतून जरा जास्त झिजणारच, पण डावा १.९ आणि उजवा २.६ हा फरक माझ्या डोळ्यासमोर १४ महिने होता आणि मी शिव्या २५५ ला घालत होतो. तेव्हा निम्म्या शिव्या परत घेतो. अदलाबदलीच्या नाही घेत.

चालवायला काय फरक पडला? पुढचं नाक वळणात पटकन आत जातं, हे मला आवडलं, आधी मागची पकड एवढी घट्ट की गाडी पुढून सरळ ढकलली जायची. पण ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर जरा पाय दिला की ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकतो, पातलीपाड्याला मेट्रोच्या कामाजवळ लोखंडी प्लेटा टाकल्या होत्या तिथे तर मागचा भाग चक्क हलला. २५५ वर असं एकदाही झालं नव्हतं. उलट साचलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी बरं कापतो, रुंद टायर लवकर तरंगतो, ऐरोली पुलावर मला ते जाणवलं. ज्याच्या पायाखाली साडेतीनशे घोडे आहेत त्याने माझं ऐकू नये, त्याने २५५ च ठेवावा. माझ्याकडे १९० आहेत आणि त्यातले दीडशे माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये उभे असतात.

ऑफिसात एक मुलगा त्याच्या हॅचबॅकला मागे रुंद टायर टाकतोय, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. त्याला विचारलं का, तर म्हणे मागून भारी दिसते. दिसते खरी. माझी आता मागून उपाशी दिसते, पोराने पहिल्याच दिवशी विचारलं गाडी बारीक का झाली.

जानेवारीत पहिली अदलाबदल केली. एक गोची आहे, टायर सारखे झाले पण रिमा नाही, मागची रिम ४७ ऑफसेटची (रिम किती आत बसते त्याचा आकडा), पुढची ३४ ची, मागची पुढे लावली तर आतून शॉकअॅब्सॉर्बरला भिडेल. म्हणून टायर रिमवरून उतरवून चढवावे लागतात, बॅलन्सिंग धरून १६०० रुपये. बाबांच्या जॅकला हे काम फुकट व्हायचं. पण उलटं चालतं, पुढची रिम मागे बसते, साडेसहा मिलिमीटर बाहेर येते फक्त. म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडला दोन रविवार घालवून पुढच्या साईजची एक जुनी रिम शोधली, साडेपाच हजार, किंचित वाकलेली, सरळ करून घेतली, तिच्यावर अर्धा झिजलेला २२५ चढवला आणि डिकीत टाकली. खाली तिला खळगा नाही, त्यामुळे आडवी पडून असते, निम्मी डिकी गेली, गावाला जाताना बॅगा मागच्या सीटवर पोराच्या मांडीवर. बायको म्हणते तुझ्या चाकाला तिकीट काढ. बाबा मात्र परवा आले होते, त्यांनी डिकी उघडून स्टेपनीची हवा दाबून बघितली आणि विचारलं, मग आता पाच टायरची अदलाबदल करतोस ना?