पैठणीचा अभ्यास: प्रयोगशाळेत की मागावर?

जुन्या पैठणीचं वय ठरवायला प्रयोगशाळेची मोठी मदत होते. काही मिलिमीटर धागा पुरतो. त्यातला रंग वेगळा काढला की तो लाखेचा, मंजिष्ठेचा की कृत्रिम, ते कळतं. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली निघाला, त्यामुळे मूळ विणीत तसा रंग सापडला तर साडी त्याआधीची नाही, हे नक्की. जरीतलं सोनं, चांदी, तांबं तर क्ष-किरणांनी धागा न तोडताही तपासता येतं.

पण पदरावरचा मोर कसा उतरतो, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी येवल्यात विणकराशेजारीच बसावं. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, नक्षीपुरताच फिरणारा आडवा धागा, आणि दोन रंग भेटतात तिथे धाग्यात धागा अडकवणं. म्हणूनच हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही जवळपास तितकीच स्वच्छ दिसते. जॅकार्डवरच्या, म्हणजे नक्षीसाठीचे धागे यंत्रानेच उचलणाऱ्या मागावरच्या, नक्षीमागे बरेचदा सुटे धागे दिसतात. शिवाय घरातलं कोण काय काम करतं, गिऱ्हाईक कुठली नक्षी मागतं, हेही तिथेच कळतं.

मला विचाराल तर संशोधकाने आधी मागावर जावं. वीण डोळ्यांत बसली की कुठला धागा तपासायला घ्यायचा ते नेमकं ठरवता येतं. संग्रहातल्या साडीचा धागा एकदा काढला की परत जोडता येत नाही.