बदामाचं पान नसलेली पिशवी

गच्चीवर, गॅलरीत शोभेचे मासे वाढवून परगावी पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझे साडेचार हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण त्या एका खोट्यापायी पुढे माझ्याच हातून खरे मासे मेले, ते मला जास्त लागलंय.

मिरजेत आमच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली माझ्या टाक्या आहेत. फायटर आणि गप्पी, एवढंच. फायटरचे नर दोन-अडीच महिन्यांचे झाले की एकमेकांचे पंख फाडायला लागतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. सकाळी उठून आधी बरण्यांचं पाणी बदलायचं, मग मुलांचे डबे. असा वाढवलेला हाफमून नर, म्हणजे अर्ध्या चंद्रासारखी शेपटी पसरणारा फायटर, विकायला काढते तेव्हा त्याच्या शेपटीवरची एकेक रेघ मला पाठ असते.

फेब्रुवारीत नागपूरकडच्या एका माणसाने एक जोडी मागवली. पैसे लगेच, बोलणं अदबीचं, शब्दाशब्दाला 'ताई'. जोडी नीट पोचली. आठ दिवसांनी त्याने नराने बांधलेल्या फेसाच्या घरट्याचा व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, "ताई, तुमचं पॅकिंग एक नंबर." मला खूप बरं वाटलं. एप्रिलमध्ये त्याने पाच जोड्या मागितल्या. ९०० रुपयाला जोडी, म्हणजे ४,५०० रुपये, गाडीभाडं वेगळं.

पॅकिंग कसं केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मासे दोन दिवस उपाशी ठेवले. पोट रिकामं असलं की वाटेत घाण कमी करतात आणि पाणी टिकतं. फायटर हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे त्याला पिशवीभर पाणी लागत नाही. पिशवी आडवी झाली तरी अंग बुडेल एवढं पाणी पुरतं, बाकी हवा. पाण्यात देशी बदामाच्या वाळलेल्या पानाचा बोटाएवढा तुकडा टाकते, त्याने पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पिशवीचं तोंड पिळायचं, दुमडायचं, परत दुमडायचं आणि रबर लावायचं. कोपऱ्यांत मासा अडकून चेंगरू नये म्हणून खालचे दोन्ही कोपरे चिकटपट्टीने वर वळवायचे. त्यावर दुसरी पिशवी. नर एकमेकांना दिसले तर वाटभर फुगून दमतात, म्हणून प्रत्येक पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळायची. मग थर्माकोलची पेटी, आणि उन्हाळा म्हणून झाकणाखाली गोठवलेल्या पाण्याची बाटली कागदात बांधून.

बहुतेक कुरियरवाल्यांच्या नियमात जिवंत प्राणी बसत नाहीत. काहीजण पेटीवर 'प्लास्टिक सामान' लिहून पाठवतात. मी ते करत नाही, कारण मग त्या पेटीवर दुसरी दहा खोकी चढतात. मी ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवते, 'जिवंत मासे' असं मोठ्या अक्षरात लिहून, क्लीनरच्या हातात स्वतः देऊन. संध्याकाळी सातला पेटी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मेसेज आला. "ताई, सगळे गेले." खाली फोटो आणि एक व्हिडिओ. फरशीवर ओळीने मांडलेले दहा मासे. माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. व्हिडिओ सुरू केला, चार-पाच सेकंद पाहिला आणि बंद केला. बघवेना.

मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की पिशवी उघडून ठेवली होती का? कारण बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी जरा आम्ल होतं, आणि त्यामुळे माशांच्या घाणीतून साठलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, मग फोडून मासा लगेच चांगल्या पाण्यात सोडायचा, पिशवीतलं पाणी टाकून द्यायचं. त्यावर तो म्हणाला, "नाही ताई, बंद पिशवीतच मेलेले होते." म्हणजे त्याच्याकडून काही चुकलं नव्हतं. चूक माझी.

मग तो जे बोलला ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. "ताई, मनाला लावून घेऊ नका. उन्हाळा आहे. सगळे पैसे नकोत मला, अर्धेच द्या. माझी पोरगी सकाळपासून वाट बघत होती, तेवढंच वाईट वाटलं." कुणी भांडलं असतं तर मी नीट चौकशी केली असती. त्याने समजूत घातली आणि मी पुरे ४,५०० रुपये परत पाठवले. वर माफी मागितली.

त्या रात्रीपासून मी माझ्या पॅकिंगवर संशय घ्यायला लागले. सहा वर्षं ज्या पद्धतीने मासे सुखरूप जात होते, तीच मला चुकीची वाटू लागली. पाणी कमी पडलं असणार, लवकर तापलं असणार, असं मनाने घेतलं. मे महिन्यात नाशिकला गप्पी पाठवायचे होते, चाळीस. गप्पींना पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन ठेवतात. मी उलटं केलं. जास्त पाणी म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटलं. नाशिकच्या वहिनींनी पेटी उघडली तेव्हा त्यातले सव्वीस मेले होते. पाणी भरपूर होतं, त्यांना ऑक्सिजन पुरला नाही. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, पैसेही मागितले नाहीत. मीच आग्रहाने दिले. हे सव्वीस मात्र खरोखर मेले होते.

जुलैमध्ये सांगलीच्या एका ओळखीच्या दादांचा फोन आला. तेही फायटर करतात. जूनमध्ये त्यांची आठ मासे असलेली पेटी 'मेली' होती, गिऱ्हाईक विदर्भातलं, बोलणं तसंच, 'अर्धेच द्या'. मी म्हटलं, फोटो पाठवा. फोटो उघडला आणि पोटात गोळा आला. तीच तांबूस फरशी, तिचा तोच टवका उडालेला कोपरा, शेजारी तेच निळं बादलीचं झाकण. ओळीतला तिसरा मासा खालचा पंख फाटलेला निळा नर होता. माझ्या एप्रिलच्या फोटोतही तोच होता, पाचव्या जागी. एकच मासा दोनदा मेला होता.

मग मी छातीवर दगड ठेवून माझा तो व्हिडिओ पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. तो माणूस पिशवी हातात धरून फिरवून दाखवत होता. पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. बदामाचं पान नाही. तोंडाला साधी गाठ, दुमड नाही, रबर नाही. कोपरे सुटे. ती माझी पिशवी नव्हतीच, आणि हे तीन महिने माझ्याच फोनमध्ये पडून होतं. मासेही हाफमून नव्हते. फरशीवर ओला मासा ठेवला की पंख अंगाला चिकटतात आणि मेल्यावर रंग उडतो, त्यामुळे बाजारातला ४० रुपयांचा फायटर आणि माझा हाफमून ओळखू येत नाही. त्याला हे ठाऊक असणार, म्हणूनच मासे पाण्यात नाही, फरशीवर मांडले होते.

आठवडाभराने दादांनी आणखी एक गोष्ट दाखवली. 'थायलंड इम्पोर्ट' म्हणून २,५०० रुपयाला एक तांबेरी नर विकायला होता. या माशाचं मूळ थायलंडकडचं, तिथल्या सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं, आणि तिकडून आला म्हटलं की किंमत चढते. तो नर मिरजेत, माझ्या बरणीत वाढला होता. शेपटीच्या वरच्या कडेला लहानपणी बहिणीने चावल्याची खाच होती, मी ती रोज पाहिलेली.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, पूर्वीचं ४२०. पण १९३० चा उपयोग पैसे गेल्या गेल्या केला तर होतो, तोवर ते पुढच्या खात्यात गेलेले नसतात. मी तीन महिन्यांनी गेले. दादांनी आणि मी मिळून अर्ज दिला म्हणून निदान तो घेतला गेला. तुमच्याबरोबर असं झालं असेल तर त्याच दिवशी जा, आणि मेसेज, फोटो काही पुसू नका.

आता मी असं करते. प्रत्येक मासा पांढऱ्या भांड्यात, पाण्यात, पंख पसरलेले असताना चित्रित करते. पिशवी बांधून झाल्यावर तिच्यावर पक्क्या शाईच्या पेनाने क्रमांक आणि तारीख लिहिते आणि तोही फोटो ठेवते. गिऱ्हाइकाला आधीच कळवते, की मासा मेलेला आला तर न फोडलेल्या पिशवीत, क्रमांक दिसेल असा, न थांबवता केलेला एकच व्हिडिओ दोन तासांच्या आत हवा. नंतर मेलेला मासा पांढऱ्या भांड्यात पाण्यात ठेवून दाखवायचा. खरं गिऱ्हाईक याला कधी नाही म्हणत नाही. नाशिकच्या वहिनींनी तर न सांगताच असा व्हिडिओ केला होता. आणि पैसे त्या दिवशी परत करायचे नाहीत, एक रात्र जाऊ द्यायची, व्हिडिओ पूर्ण पाहायचा. कितीही जड गेलं तरी पूर्ण पाहायचा.

गप्पींचं पाणी मी परत एक भागावर आणलंय. गेल्या रविवारी नाशिकला चाळीस पाठवले, वहिनींनीच मागवले होते. रात्री त्यांचा व्हिडिओ आला, पिशवी बंद, क्रमांक ११, आणि आत सगळे वळवळत होते. मी दोनदा मोजले.